विश्लेषण : केळापुरातील रोडग्यांची पंगत शिवारातच का बसते? ती अडचणीत का आली?

थंडी पडू लागली, की यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात शनिवार-रविवारी टिपेश्वर अभयारण्याकडे पर्यटकांच्या गाड्या वळतात. त्याच सुट्टीत आसपासच्या गावांतील कुटुंबे वांगी, कणीक आणि गोवऱ्या घेऊन शेताकडे किंवा देवळाकडे निघतात. बेत असतो रोडग्यांचा.

रोडगे म्हणजे काय?

गव्हाच्या जाडसर पिठात तेलाचे मोहन, मीठ आणि ओवा घालून कणीक घट्ट भिजवतात. लहान पोळ्या लाटून, तेल लावून त्या एकात एक गुंडाळतात व गोळा करतात. गोवऱ्यांची आर लागून ज्वाळा शमल्या, की हे गोळे निखाऱ्यांवर भाजून गरम राखेत दाबतात. नंतर राख झटकायची, रोडगा कुस्करायचा आणि वर तूप सोडायचे. सोबत तुरीचे वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. बट्टी बहुधा उकडून तळतात; रोडगा मात्र थेट आरावर भाजला जातो.

देवाशी संबंध कसा?

रोडगा हे नवसाचे अन्न आहे. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस येतो. केळापूरची जगदंबा हे या भागाचे श्रद्धास्थान; नवरात्रात येथे मोठी गर्दी होते. विदर्भात देवी आणि मारुती, दोघांनाही रोडग्यांचा नैवेद्य दाखवतात. त्यानंतर आप्त, शेजारी यांची पंगत बसते. नवस एका घराचा असला, तरी जेवण अनेकांचे होते.

घरात का करत नाहीत?

गोवऱ्यांचा धूर, मोठी जागा आणि संथ भाजणे ही साधी कारणे. आर लावणे, रोडगे उलटणे ही कामे बहुधा पुरुष करतात. भाजणे सुरू असताना दर्शन उरकते, गप्पा होतात. इंग्लंडच्या खेड्यांतील ‘संडे रोस्ट’चीही रीत अशीच सांगतात : मांस भट्टीत ठेवून चर्चला जायचे, परतल्यावर सर्वांनी एकत्र जेवायचे.

अडचण कोणती?

पहिली गोवऱ्यांची. ट्रॅक्टर आले, तशा दावणी रिकाम्या होऊ लागल्या. विसाव्या पशुगणनेत (२०१९) देशातील देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जनावर नाही तर शेण नाही, आणि विकतच्या गोवऱ्यांनी बेताचा खर्च वाढतो.

दुसरी भीतीची. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. वाघ त्याच्या हद्दीत थांबत नाहीत. पांढरकवडा वन विभागात ‘टी-१’ वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी ठार करण्यात आले. त्याआधी १३ जणांच्या मृत्यूचा संबंध तिच्याशी जोडला गेला होता. अशा भागात अंधार पडेपर्यंत शिवारात रेंगाळणे जोखमीचे.

मार्ग काय?

आर सकाळीच लावून पंगत दुपारी बसवणे, एकत्र जाणे, दिवस मावळण्यापूर्वी परतणे आणि निघताना राखेवर पाणी ओतणे. पानगळीनंतर सागाच्या जंगलात ठिणगीही पुरते. अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांना हे जेवण मोल घेऊन वाढले, तर गावातील महिला बचत गटांना काम आणि गोवऱ्यांना गिऱ्हाईक मिळू शकते. मात्र, विकत मिळणारे ताट आणि नवसाची पंगत यांत फरक राहणारच. पंगतीत शेजाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत. पुढच्या खेपेला त्याने आपल्या शेतात बोलवावे, एवढीच अपेक्षा असते.