चिमणरावांच्या घरातला गोंधळ

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावरून महाड, पोलादपूरकडे जाणाऱ्या एसटी गाड्या खच्चून भरलेल्या असतात. एरवी दोन वृद्धांचा वावर असलेल्या घरात त्या चार-पाच दिवसांत पंधरा-वीस माणसे जमतात. न्हाणीघरापुढे रांग लागते, आरतीच्या ऐन वेळी काडेपेटी सापडत नाही, सगळे एकदम बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. या गोंधळाला मराठी विनोदाने फार पूर्वीच एक पत्ता मिळवून दिला आहे. तो म्हणजे चिमणरावांचे घर.

बडोद्यात पाली भाषा शिकवणाऱ्या चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांनी हे घर उभे केले. पुण्यातले कारकून चिमणराव, पत्नी काऊ, मुले आणि या संसारात हक्काने वावरणारा दांडगा नातेवाईक गुंड्याभाऊ. चिमणराव आपल्या फजित्या स्वतःच सांगतात, तेही अत्यंत गांभीर्याने. आपण हास्यास्पद ठरत आहोत, याचा त्यांना पत्ताच नसतो. विनोदाचे मर्म नेमके येथे आहे.

मास्टर विनायक यांनी या मंडळींना १९४० मध्ये 'लग्न पहावं करून' या चित्रपटात पडद्यावर आणले. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ मध्ये 'सरकारी पाहुणे' आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनच्या मालिकेतून दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुढच्या पिढीच्या घरात पोहोचवली.

त्याच सुमारास हॉलिवूडमध्येही विक्षिप्त कुटुंबांवरचे विनोदी चित्रपट गाजत होते. त्यांना 'स्क्रूबॉल' म्हणत. बेसबॉलमध्ये अपेक्षेच्या उलट दिशेला वळणारा चेंडू म्हणजे स्क्रूबॉल, आपल्या क्रिकेटमधला जणू गुगलीच. 'माय मॅन गॉडफ्री' (१९३६) मधले कुटुंब गडगंज श्रीमंत आणि कमालीचे बेताल. फ्रँक काप्रा यांच्या 'यू कान्ट टेक इट विथ यू' (१९३८) मध्ये घरातला प्रत्येक जण आपापल्या छंदात दंग असतो. हे लोक विक्षिप्त वागतात, कारण जगाची रीत पाळण्याची त्यांना गरज वाटत नाही.

चिमणरावांचे नेमके उलटे आहे. त्यांना रीत पाळायची आहे, चारचौघांत शोभून दिसायचे आहे, पाहुण्यांचा मान राखायचा आहे. खिसा मात्र कारकुनाचा आहे आणि स्वभाव भित्रा. प्रतिष्ठेची हौस आणि तुटपुंजी मिळकत यांच्या ओढाताणीतून त्यांच्या घरातला गोंधळ जन्मतो. म्हणूनच मध्यमवर्गीय वाचक त्यांना हसता हसता स्वतःलाही हसतो.

आज या विनोदाकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकते. वधूपरीक्षा, मानपान, लग्नाचा खर्च यांची त्यात थट्टा आहे, पण सारी फजिती सांगणारा आवाज पुरुषाचा आहे. इतक्या माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या काऊने हीच हकीकत सांगितली असती, तर तिच्यात हसू किती उरले असते? एकत्र कुटुंबाच्या आठवणीने गहिवरताना हा प्रश्न विसरता कामा नये.

तरीही गुंड्याभाऊ मनातून जात नाही. संकट आले की तो दंडुका घेऊन हजर. पुष्कळदा संकट वाढवतोही तोच, पण येतो मात्र नक्की. विसर्जन आटोपले की महाड-पोलादपूरची घरे रिकामी होतात. गाडी सुटताना चुकचुकायला लावतो तो हाच विचार. आपल्या दोन खोल्यांच्या नीटनेटक्या घरात आता भांडणाला जागा नाही, हे खरे. पण न बोलावता येणाऱ्या गुंड्याभाऊसाठी तरी ती उरली आहे का?