चौकोनी घर आणि चोरटा धंदा

नवरा धावता धावता हृदयविकाराने कोसळलेला, पदरी दोन मुलगे, आणि कमाईची सवय नाही. आपल्याकडील कथांतली विधवा अशा वेळी शिवणयंत्र घेते, पापड लाटते. ‘वीड्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील नॅन्सी बॉटविन मात्र चोरून गांजा विकू लागते!

जेंजी कोहन यांची ही मालिका २००५ ते २०१२ या काळात आठ पर्वांत दाखविली गेली. कथा घडते कॅलिफोर्नियातील अ‍ॅग्रेस्टिक या काल्पनिक उपनगरात. तेथील बंगले एका साच्याचे, माणसेही तशीच. शीर्षकगीत माल्विना रेनॉल्ड्स यांनी १९६२ साली अशाच घरांवर रचलेले.

नॅन्सीची उपासमार होत नव्हती. थोरले घर विकून धाकट्यात राहता आले असते. पण मोलकरीण, मोटार, शेजारणींतला मान सुटवत नाही. अब्रू राखण्यासाठी बेअब्रूचा व्यवसाय, ही या विनोदाची खरी मेख. आणि गिऱ्हाईक कोण? तर प्रत्यक्ष नगरसेवक!

लहान मुलांना माल विकायचा नाही, हा तिचा नेम. घरात काय घडते? थोरला सायलस त्याच धंद्यात शिरतो. ज्याच्यादेखत बाप गेला तो धाकटा शेन पुढे एका बाईचा खून करतो, तोही आईला वाचवायला. तिसऱ्या पर्वाअखेर उपनगर वणव्यात सापडते. त्यापुढची कथा आम्हांस सैल वाटली. मात्र मेरी-लुईस पार्कर यांच्या मुद्रेवरचे ते अर्धवट हसू शेवटपर्यंत कायम आहे, आणि मुले तेच पाहत वाढतात.