नीटमध्ये सीट हुकली? बंदीच्या दिवसांत एवढं करा


पोराची एमबीबीएसची सीट हुकली म्हणून बोट गहाण टाकून दलालामागं धावू नका. खाजगी सीटही नीटच्या गुणांवरच मिळते, आणि नीट कितीदाही देता येते. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, आधी तिथं जोर लावायचा. चुकीच्या उत्तराला १ गुण कापतात, घाई नको.

जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, अधिवास हे कागद जून-जुलैच्या बंदीतच मार्गी लावा. बोटी सुटल्यावर कचेरीत जाणार कोण?

पसंती भरताना मुंबईवरच अडून बसू नका. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशभरच्या मुलांसाठी असतात. त्यासाठी एमसीसीची नोंदणी वेगळी करावी लागते. ग्वाल्हेरचं गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ चं. शिंद्यांचं शहर ते, बाजाराचं नावसुद्धा पाटणकर बाजार!