पिल्लाचा तोल

आमच्या गल्लीतल्या एकाच जिन्याखाली, दोन वर्षांच्या अंतराने, दोन पिल्ले डगमगताना मी पाहिली. पहिले मेले. दुसरे आजही जगते आहे आणि आजही डगमगते आहे. पहिल्याच्या वेळी गल्लीचे एकमत होते, ‘कॅल्शियम कमी पडलं असेल.’ दुसऱ्याच्या वेळी तितकेच ठाम एकमत होते, ‘पिसाळलंय, गोणीत घालून लांब सोडून या.’ दोन्ही एकमते चुकीची होती. पहिल्यात मीही सामील होतो. औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली मीच आणली होती. मी पशुवैद्य नाही. त्या बाटलीची टोचणी लागली म्हणून हा विषय वाचायला घेतला.

आधी निरोगी पिल्लू कसे चालते ते पाहू. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते चार पायांवर उभे राहू लागते. तेव्हा ते डगमगतेच. चालीचा मेळ घालणारा मेंदूचा भाग, म्हणजे अनुमस्तिष्क किंवा बोलीतला लहान मेंदू, जन्मानंतरही काही आठवडे घडतच असतो. त्यामुळे तीन आठवड्यांच्या पिल्लाचे डगमगणे हा रोग नव्हे. भावंडे धावू लागली तरी एकच मागे धडपडत राहिले, किंवा कालपर्यंत धावणारे पिल्लू आज कोलमडू लागले, तर मात्र कारण शोधायला हवे.

लहान मेंदू काय करतो, हे नीट दाखवण्याचा मान फ्रान्सच्या फ्लुरांस यांच्याकडे जातो. कबुतरांच्या मेंदूचा हा भाग थोडा थोडा काढत त्यांनी केलेले प्रयोग १८२४ साली ग्रंथरूपाने आले. प्रयोग निर्दय होते, पण निष्कर्ष टिकला. पक्ष्याला दिसत होते, ऐकू येत होते, हलण्याची इच्छा होती आणि स्नायूंत बळही होते. हरवला होता तो फक्त हालचालींचा मेळ. पुढे १८३७ मध्ये पुर्किन्ये यांनी या भागातल्या मोठ्या, फांद्या फुटलेल्या पेशींचे वर्णन केले. त्या आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्या कमी असल्या किंवा मेल्या, की चाल बिघडते.

पण तोल एकट्या लहान मेंदूवर उभा नाही. त्याचे तीन आधार आहेत, आणि कोणता ढासळला हे पुष्कळदा नुसत्या निरीक्षणातून कळू लागते.

पहिला आधार लहान मेंदूचा. तो बिघडला, तर पिल्लू पाय फाकवून उभे राहते, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून आपटते. झोपेत ते शांत असते, पण ताटलीकडे तोंड नेऊ लागले की डोके थरथरते आणि जवळ जावे तशी थरथर वाढते. नजर मात्र तरतरीत असते. दुसरा आधार आतल्या कानाचा. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोके कुठे वळले याची खबर मेंदूला देतात. एका बाजूचा कान बिघडला, तर मान त्या बाजूला कलते, पिल्लू तिकडेच झुकते, गोल फिरते, आणि बुबुळे आपोआप हिसके देत हलतात. कानातला जंतुसंसर्ग आत उतरला, तर नेमके हे घडते, आणि वेळेत उपचार मिळाले तर पुष्कळदा सुधारतेही. तिसरा आधार पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा. पाय कुठे आहे हा निरोप वर पोहोचला नाही, तर पिल्लू पंजा उलटा टेकवते आणि नखे फरशीवर घासत चालते.

याखेरीज काही कारणे मेंदूबाहेरची असतात. अगदी छोट्या जातीच्या पिल्लाने काही तास खाल्ले नाही, तरी रक्तातली साखर उतरून ते झिंगल्यासारखे चालते. कचऱ्यातले विष किंवा एखाद्या औषधाचा जास्त झालेला डोस हेही कारण असू शकते.

आता पहिल्या पिल्लाकडे येतो. ते आधी चांगले धावत होते. मग डोळ्यांत चिपडे आली, नाक वाहू लागले, खोकला आणि जुलाब झाले. आठवड्याभरात ते सावरले, असे आम्हाला वाटले. नंतर चाल बिघडली, आणि एक मागचा पाय ठरावीक तालात झटके देऊ लागला, अगदी झोपेतही. हा झोपेत न थांबणारा झटका डिस्टेंपरची ओळखीची खूण आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. या रोगाचा विषाणू आधी श्वासमार्गात आणि आतड्यात धुमाकूळ घालतो आणि कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनी मेंदूत प्रकटतो. म्हणून ‘बरं झालं होतं, मग अचानक डगमगायला लागलं’ असे लोक सांगतात.

देवीच्या लसीमुळे प्रसिद्ध झालेल्या जेन्नर यांनी १८०९ मध्ये या रोगाचे वर्णन केले होते. तो विषाणूमुळे होतो हे १९०५ मध्ये कारे यांनी दाखवले. १९२०च्या दशकात लेडलॉ आणि डंकिन यांनी इंग्लंडमध्ये फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर काम करून लस तयार केली. माणसाचा गोवर आणि आपल्या गुराख्यांना धडकी भरवणारी बुळकांडी यांचे विषाणू याच कुळातले. बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचे जाहीर झाले, पण डिस्टेंपर संपलेला नाही. १९९४ मध्ये त्याने सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला हाच विषाणू सापडला.

हे सारे वाचल्यावर मला आठवली ती एक ताटली. आजारी पिल्लू आणि त्याची चार भावंडे यांना मी एकाच ताटलीत दूध देत होतो. त्यांतली आणखी दोन गेली. वेगळे ठेवण्याची अक्कल असती, तर कदाचित ती वाचली असती. लस दिली असती, तर बहुधा पाचही वाचली असती. ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पुन्हा देतात. त्याचे कारण आईच्या पहिल्या दुधात आहे. त्यातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाला राखतात, पण लसही निष्फळ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते, म्हणून एका सुईवर भागत नाही.

दुसरे पिल्लू पहिल्या पावलापासून डगमगत होते. गोणीची भाषा सुरू झाली, तेव्हा मी चार दिवस मागून घेतले. रेबीजची भीती खोटी नव्हती. पिल्लालाही रेबीज होतो, आणि त्याच्या लुळे करणाऱ्या प्रकारात चालही जाते. म्हणून ते वेगळे ठेवले, मुलांना हात लावू दिला नाही. कुणाला चावले किंवा ओरखडले असते, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला जायचे, हेही सर्वांना सांगून ठेवले. मग पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी विचारलेले पहिले दोन प्रश्न मी विसरणार नाही. “कधीपासून?” आणि “वाढतंय का?”

सारे या दोन प्रश्नांत होते. रेबीजची लक्षणे दिसू लागलेला कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. डिस्टेंपर मेंदूत गेला, तर चाल बहुधा बिघडत जाते. पण लहान मेंदू गर्भातच अपुरा घडला असेल, तर डगमग पहिल्या पावलापासून दिसते आणि वाढत नाही. त्यावर औषध नाही, वेदनाही नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी दर रविवारी तिचे चालणे मोबाइलवर टिपत गेलो. आठ रविवारांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावले, तर चाल तीच होती. उलट पडण्याआधी भिंतीला टेकायला ती शिकली होती.

ते व्हिडिओ मी गोणी आणणाऱ्या काकांना दाखवले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या गुळगुळीत फरशीवर तीच गोणी अंथरलेली होती, तिचे पाय घसरू नयेत म्हणून.

मुलांनी तिचे नाव भिंगरी ठेवले आहे. तिची ताटली विटेवर ठेवतो, जिन्याच्या तोंडाशी फळी लावतो. तिच्या सगळ्या लसी झाल्या आहेत. यंदा जिन्याखाली नवी वीण आली आहे. चार पिल्ले आहेत, आणि पहिल्या सुईची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.