विश्वासाच्या जागी उपचार

उपचार उपलब्ध असणे आणि ते माणसापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे अंतर मिटविण्यासाठी झटलेले अमेरिकेतील हृदयरोग संशोधक डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या कार्याचा परिचय आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांना करून देत आहोत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाबाचे आणि त्यापायी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आहे. हा विकार सहसा दुखत नाही. हृदय, मेंदू वा मूत्रपिंड यांना इजा झाल्यावरच तो अनेकांच्या ध्यानी येतो. शिवाय टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशावरील उपचारांपासून वंचित ठेवून सरकारी अभ्यास चालला होता. अशा समाजाने वैद्यकीय यंत्रणेकडे साशंकतेने पाहिले तर नवल नाही.

मात्र केशकर्तनालय ही या समाजाची विश्वासाची जागा आहे. तेथे तोच कारागीर वर्षानुवर्षे भेटतो आणि मन मोकळे होते. डॉ. व्हिक्टर यांनी ही जागा हेरली. डॅलसमधील पहिल्या मोठ्या प्रयोगात केशकर्तनकार ग्राहकांचा रक्तदाब मोजून त्यांना डॉक्टरांकडे पाठवीत. लाभ झाला, पण माफक.

म्हणून लॉस एंजेलिस परिसरात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ५२ केशकर्तनालयांतील ३१९ पुरुष या अभ्यासात होते. एका गटासाठी प्रशिक्षित फार्मासिस्ट दुकानातच येत आणि डॉक्टरांच्या संमतीने औषधे ठरवीत. दुसऱ्या गटाला केशकर्तनकार जीवनशैली सुधारण्याचा व डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला देत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा सुमारे ९ अंकांनी. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डॉ. व्हिक्टर यांचे निधन झाले.

सल्ल्याने थोडे साधले. विश्वासाच्या जागी प्रत्यक्ष उपचार नेल्याने पुष्कळ साधले. भगवान बुद्धांनीही दुर्लक्षित आजारी भिक्खूला केवळ उपदेश केला नाही. स्वतः जाऊन त्याची शुश्रूषा केली. आमचे जे माजी विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका वा फार्मासिस्ट आहेत, त्यांना आमची विनंती आहे की, विहारात, वस्तीत, जेथे आपली माणसे निःशंक बसतात तेथे रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन जावे आणि उपचार सुरू होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. पालकांनीही दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.