खोलीगणिक गारवा

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या शीतगृहांत बेदाण्याच्या पेट्या चेंबरमध्ये ठेवतात. चेंबर रिकामं असेल तर त्याचा गारवा बंद ठेवता येतो. घरातल्या झोन एसीचं, म्हणजे खोलीगणिक गारवा देणाऱ्या एसीचं, तत्त्वही हेच.

आपल्याकडे त्याचं सोपं रूप म्हणजे मल्टी-स्प्लिट. गच्चीवर एकच आउटडोअर युनिट आणि तांब्याच्या नळ्यांनी त्याला जोडलेली खोल्याखोल्यांतली इनडोअर युनिट्स. प्रत्येकाला स्वतंत्र रिमोट. आजोबांच्या खोलीत 27, मुलांच्या खोलीत 24, हॉल बंद. सेन्सर तापमान मोजतो, झडप तेवढंच रेफ्रिजरंट आत सोडते आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मागणीप्रमाणे वेग बदलतो. मोठ्या इमारतींसाठी अशी यंत्रणा जपानच्या डायकिननं 1982 मध्ये आणली. डक्टच्या एसीत मात्र मोटारीवर चालणाऱ्या झडपा थेट हवाच अडवतात.

मल्टी-स्प्लिटमध्ये खोट एक आहे, पण मोठी: आउटडोअर बिघडलं की अख्खं घर तापतं.

खोलीगणिक तापमान ठरवता आलं की बचतही होते: ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते एसीचं तापमान 1 अंशानं वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. पण रात्री एकच खोली गार करायची असेल, तर साधा इन्व्हर्टर स्प्लिट पुरे. तीन-चार खोल्या रोज वापरात आणि आउटडोअरसाठी जागा कमी असेल, तरच मल्टी-स्प्लिटवर पैसे घालावेत.