प्राध्यापक ब्रूम मोहिमेवर निघतात

भयपट म्हणजे घरातील तरुण मंडळींचा विषय, आणि तो अ‍ॅनिमेशनचा असेल तर मुलांचा, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. त्यामुळे ज्येष्ठांसाठीच्या या पानांवर राक्षसांची शिकार करणाऱ्या चित्रकथेतील वीरांचा चित्रपट अवतरलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु ‘हेलबॉय : ब्लड अँड आयर्न’ या चित्रपटाचा खरा नायक, निदान माझ्या मते, तो लाल कातडीचा, छाटलेल्या शिंगांचा धिप्पाड हेलबॉय नाहीच. नायक आहेत त्याचे वृद्ध वडील. आणि चित्रपटातील खलनायिका आहे म्हातारपण नाकारणारी एक स्त्री.

हेलबॉय हे अमेरिकन चित्रकथाकार माइक मिन्योला यांनी निर्माण केलेले पात्र. त्याची पहिली कथामालिका १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४ च्या डिसेंबरात, इंग्लंडमधील एका पडक्या चर्चपाशी नरकातून आलेले एक पोर प्रकट होते. त्याला प्राध्यापक ट्रेव्हर ब्रूटनहोम हे संशोधक जवळ करतात आणि पोटच्या मुलासारखे वाढवतात. सगळे त्यांना ‘ब्रूम’ म्हणतात. पुढे हाच मुलगा त्यांच्या खात्यातील सर्वांत भरवशाचा शिलेदार होतो. भुताखेतांचा आणि अमानवी शक्तींचा छडा लावणे हे त्या खात्याचे काम. आग पेटवण्याची शक्ती असलेली लिझ शर्मन आणि पाण्यात श्वास घेणारा एब सेपियन हे त्याचे सहकारी.

‘ब्लड अँड आयर्न’ हा या मंडळींवरचा दुसरा अ‍ॅनिमेशनपट. तो २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्क वाहिनीवर दाखवला गेला. त्याआधीचा ‘स्वोर्ड ऑफ स्टॉर्म्स’ जपानी लोककथांवर बेतलेला होता. त्यात धडावेगळी होऊन उडणारी मस्तके आहेत, डोक्यावरच्या खळग्यात पाणी बाळगणारा कप्पा नावाचा जलराक्षस आहे. तो प्रेक्षणीय आहे, पण त्याच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

दुसऱ्या चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाने जुना वाडा नव्याने सजवला आहे. वाडा पछाडलेला आहे अशी वदंता आहे आणि मालकाला तिचा अभिमानच आहे. तपासासाठी खात्याचे पथक निघते, तेव्हा प्राध्यापक ब्रूम जाहीर करतात की आपणही येणार. कित्येक वर्षे प्रत्यक्ष मोहिमेवर न गेलेला हा काठीला टेकलेला माणूस एकाएकी निघालेला पाहून सर्वांना नवल वाटते. कारण हळूहळू उलगडते. या वाड्यात ज्या एर्झेबेत ओंद्रुश्को नावाच्या रक्तपिपासू स्त्रीच्या वस्तू गोळा करून मांडल्या आहेत, तिच्याशी ब्रूम यांनी १९३९ मध्ये, ऐन तारुण्यात, एकट्याने झुंज दिली होती. ते प्रकरण मिटले असे जगाला वाटत होते. त्यांना तसे वाटत नव्हते.

येथे जरा वयांचा हिशेब करू. १९३९ मध्ये विशीत असलेला माणूस या चित्रपटाच्या काळात नव्वदीच्या जवळ आलेला असणार. आणि १९४४ मध्ये आलेला त्याचा मुलगा? तो रोडावत नाही, त्याचे केस पिकत नाहीत, पण कॅलेंडरच्या हिशेबाने त्याने साठी ओलांडली आहे. योगायोग असा की त्याच २००७ मध्ये आपल्याकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा संमत झाला. त्यानुसार साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. म्हणजे ही बाप-लेकाची जोडी आपल्या व्याख्येप्रमाणे दोन ज्येष्ठ नागरिकांची जोडी आहे. स्वतः निवृत्त झालेला, गुडघ्यांची तक्रार करणारा मुलगा किंवा सून नव्वदीतल्या वडिलांना आंघोळ घालत आहे, हे दृश्य आता आपल्या घरांत अपवादाचे राहिलेले नाही. राक्षसांच्या गोष्टीत ते सापडावे याची गंमत वाटते. (आणखी एक गंमत : ब्रूम यांना आवाज देणारे जॉन हर्ट हे हेलबॉयला आवाज देणाऱ्या रॉन पर्लमन यांच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठे होते. तरीही हर्ट यांचा तो थकलेला, पण न थरथरणारा स्वर ऐकला की हा पिताच आहे यात शंका उरत नाही.)

काळजीवाहकांनी थांबून पाहावी अशी गोष्ट म्हणजे ब्रूम यांचा तो निर्णय. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने अंधाऱ्या, पडक्या-झडक्या जागी जाऊ नये, हे कोणीही सांगेल. ते चुकीचेही नाही. जगभरात दरवर्षी पडण्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. ज्या घरात आजीचे खुब्याचे हाड एकदा मोडले आहे, त्या घराला भीती समजावून सांगावी लागत नाही. पण या भीतीपोटी आपण काय काय बंद करतो, याचाही हिशेब कधी मांडावा. आधी रस्त्यावरचे फिरणे बंद, मग बँकेत जाणे बंद, मग देवळात जाणे, मग स्वयंपाकघरात उभे राहणे. प्रत्येक बंदी प्रेमाने घातलेली असते. हालचाल थांबली की पायांचे स्नायू झिजतात, तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भीतीने माणसाला खुर्चीत बसवले ते पडणेच जवळ येते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पेर्स्की यांनी १९७२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या संदर्भात एक कल्पना मांडली. माणसाला थोडाफार धोका पत्करू देणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे वृद्धांच्या शुश्रूषेतही ही कल्पना स्वीकारली गेली. ती ऐकायला गोड आहे, आचरणात अवघड. ब्रूम यांच्या प्रकरणात ती कशी वापरली जाते ते पाहावे. त्यांना एकटे सोडले जात नाही, बरोबर पथक असते. त्यांच्याकडून धावपळीची अपेक्षा केली जात नाही. मात्र त्या स्त्रीविषयीचे जे ज्ञान कुणाकडेच नाही, ते केवळ त्यांच्याकडे आहे, आणि ते वापरायचे तर त्यांना तेथे असावेच लागते. त्याच मोहिमेवर सिडनी लीच नावाचा अगदी नवखा सहकारी आहे. धातू जाणवण्याची विलक्षण शक्ती असलेला, पण भांबावलेला. सर्वांत जुना आणि सर्वांत नवा असे दोघे एका पथकात ठेवण्यात पटकथाकारांनी शहाणपणा दाखवला आहे.

घरच्या पातळीवर याचा अर्थ असा की ‘जाऊ नका’ या वाक्याच्या जागी ‘कसे जाता येईल’ हा प्रश्न यावा. नातवाच्या लग्नाला गावी जायचे आहे? मग प्रवास दिवसाचा ठेवावा, मधे दोनदा उतरून पाय मोकळे करावेत, उतरण्याच्या ठिकाणी कमोड आहे का याची आधी चौकशी करावी, औषधांची यादी खिशात असावी, आणि बरोबरच्या एका माणसाने त्या दिवशी फक्त त्यांच्याकडेच पाहावे. नुकतीच चक्कर येऊन गेली असेल, उभे राहताच रक्तदाब उतरत असेल, छातीत दुखत असेल, तर बेत पुढे ढकलावा. तेव्हा डॉक्टरांचा शब्द अखेरचा. एरवी, ज्या व्यक्तीची विचारशक्ती शाबूत आहे तिच्या आयुष्याविषयीचा अखेरचा शब्द तिचाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातले चार जण कितीही कळवळून बोलत असले तरी.

आता त्या खलनायिकेकडे वळू. एर्झेबेत तरुण राहण्यासाठी कोवळ्या मुलींच्या रक्ताने स्नान करते. हे पात्र हंगेरीतील सरदार घराण्यातील एर्झेबेत बाथोरी (१५६० ते १६१४) हिच्यावर बेतलेले आहे. अनेक तरुण मुलींच्या छळाचा व हत्येचा आरोप तिच्यावर झाला आणि तिला तिच्याच किल्ल्यात कोंडण्यात आले. तो किल्ला आजच्या स्लोव्हाकियात आहे. रक्तस्नानाची कथा मात्र तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७२९ मध्ये, प्रथम छापली गेली. तिच्यावरील आरोपांत सत्य किती आणि तिच्या जमीनजुमल्यावर डोळा ठेवणाऱ्यांचा हात किती, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. तरीही ही दंतकथा टिकली, कारण तिच्यातील इच्छा आपल्या ओळखीची आहे.

किती ओळखीची, ते पाहा. तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले असता म्हाताऱ्या उंदरांच्या शरीरात काही सुधारणा दिसतात, असे प्रयोगशाळांत आढळले. तेवढ्यावरून अमेरिकेतील काही ठिकाणी तरुण रक्तदात्यांचा रक्तद्रव हजारो डॉलर घेऊन ज्येष्ठांच्या शिरेत चढवला जाऊ लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की वार्धक्य, विस्मरण, अल्झायमर किंवा कंपवात यांवर या उपायाचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि त्यात अपायाचा धोका आहे. चारशे वर्षांनी बाथोरीबाईंची गोष्ट पावती-पुस्तकासह परत आली, इतकेच. आपल्याकडेही कायाकल्पाचे सलाईन, वय उलटे फिरवणारी इंजेक्शने यांच्या जाहिराती ज्येष्ठांच्या मोबाइलवर येऊन आदळतात. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत : हे माणसांवर तपासले आहे का, कोणत्या आजारासाठी मान्य झाले आहे, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना त्याची चिठ्ठी दाखवता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता टाळाटाळ करू लागला की बटवा मिटावा.

ब्रूम यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत. त्या लपवण्याचा कोणताही प्रयत्न चित्रकारांनी केलेला नाही, आणि त्या न लपवलेल्या चेहऱ्यासमोर ती चिरतरुण स्त्री कमालीची केविलवाणी दिसते.

चित्रपटाची रचनाही वेधक आहे. १९३९ चे प्रसंग मधूनमधून येतात ते उलट्या क्रमाने. आधी शेवट, मग त्याच्या अलीकडचा प्रसंग, असे करत आपण आरंभाशी पोहोचतो. वृद्धांच्या आठवणी पुष्कळदा अशाच चालतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये प्रतिपादन केले की म्हाताऱ्या माणसाचे मागचे आठवत राहणे हा बुद्धीचा ऱ्हास नाही. आयुष्याचा जमाखर्च तपासण्याचे ते स्वाभाविक काम आहे. त्यातून काहींना समाधान लाभते, काहींना जुनी टोचणी पुन्हा जाणवते. घरातील वडीलधारे तीच गोष्ट पाचव्यांदा सांगू लागले की ‘हे झाले सांगून’ असे म्हणण्याऐवजी ‘त्याच्या आधी काय झाले होते?’ असे विचारून पाहावे. गोष्ट एक पायरी मागे जाते आणि बहुधा तेथे काहीतरी नवे निघते.

हा चित्रपट घरी लावायचा असल्यास काही पथ्ये. त्याची लांबी सव्वा तासाच्या आसपास आहे. रक्ताची व हिंसेची दृश्ये बरीच आहेत, तेव्हा अगदी लहान नातवंडांना बरोबर बसवू नये. दुपारी पाहावा, निजण्यापूर्वी नको. खोलीत दिवा लावलेला असावा, आवाज बेताचा, आणि ऐकू कमी येत असल्यास पडद्यावर अक्षरे उमटवण्याची सोय सुरू करावी. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा नसलेली माणसे दिसतात, त्यांच्यासमोर असा चित्रपट मुळीच लावू नये, कारण पडद्यावरचे खोलीतच घडत आहे असे त्यांना वाटू शकते. आणि चित्रपट पाहून जुनी आठवण उसळली, दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तर ती वयाची गोष्ट म्हणून सोडून न देता डॉक्टरांच्या कानावर घालावी.